४८ मेगावॅटचा डेटा सेंटर कॅम्पस, पहिली इमारत: साइटवर लिहिलेल्या नोंदी

आधी थोडक्यात. मी मालकाच्या बाजूने कूलिंग आणि इलेक्ट्रिकल कामाचं कोऑर्डिनेशन बघते. कॅम्पसमध्ये चार इमारती, प्रत्येकीत १२ मेगावॅट आयटी लोड, म्हणजे सर्व्हरना लागणारी वीज. पहिल्या इमारतीचं काम चालू असताना रोज रात्री वहीत चार ओळी लिहायचे, त्यातलं दुसऱ्याच्या उपयोगी पडेल ते निवडून टाकतेय. पैशाचे आकडे टक्क्यांतच देते कारण ते जागेप्रमाणे बदलतात, वाया गेलेले दिवस मात्र जसेच्या तसे. काही नोंदींत पुढे काय झालं तेही नंतर जोडलंय.

दिवस १

टार्गेट ठरली. वर्षाचा सरासरी पीयूई १.२५, कूलिंगला पिण्याचं पाणी अजिबात नाही, काँक्रीटमधला कार्बन ३० टक्के कमी, आणि वीज जमेल तितकी तासातासाला जुळणारी स्वच्छ, म्हणजे आपण वापरतो त्याच तासाला तयार झालेली. पीयूई म्हणजे सगळ्या जागेने खाल्लेली वीज भागिले त्यातली आयटीने खाल्लेली. २००७ मध्ये ग्रीन ग्रिड या उद्योगसंघटनेने हे माप आणलं आणि अजूनही सगळे त्याच्यावरच भांडतात.

मीटिंगमध्ये पहिला विषय छतावरच्या सोलरचा निघाला, तर तिथेच हिशोब मांडला. ४८ गुणिले १.२५ म्हणजे ६० मेगावॅट, चोवीस तास, वर्षभर, म्हणजे साडेबावन्न कोटी युनिट. चारही छतांवर कूलर आणि पाइप सोडून उरते १६,००० चौरस मीटर जागा, त्यात ३.२ मेगावॅटची पॅनल बसतील, चांगलं ऊन धरलं तरी वर्षाला ४८ लाख युनिट. एक टक्कासुद्धा होत नाही. सोलर लावायचंच ठरलं, पण खरी वीज बाहेरच्या पवन आणि सौर प्रकल्पांशी लांब मुदतीचे करार करूनच येणार हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडावर बोलून घेतलं ते बरं झालं, कारण पुढे पैसे कुठे घालायचे हे त्यावर ठरलं.

दिवस १४

मातीचा रिपोर्ट आला. भार सहन करायची क्षमता, पाण्याची पातळी, अर्थिंगसाठी लागणारी रेझिस्टिव्हिटी, सगळं आहे. थर्मल रेझिस्टिव्हिटी, म्हणजे माती उष्णतेला किती अडवते तो आकडा, नाही. केबलच्या हिशोबात १.२ धरलाय, मी सही केली. (ही नोंद मुद्दाम ठेवली आहे, दिवस १४० बघा.)

दिवस ४७

काँक्रीटचा पहिला धडा. पायासाठी निम्मं सिमेंट काढून त्या जागी लोखंडाच्या भट्टीतली स्लॅग पावडर घातली होती. जगातला साधारण ७ ते ८ टक्के कार्बन डायऑक्साइड एकट्या सिमेंटमधून येतो, त्यामुळे कार्बन कमी करायचा तर सगळ्यात मोठा हात इथेच मारता येतो. जनरेटरखालच्या १.४ मीटर जाडीच्या राफ्टला हे मिक्स एकदम भारी लागू पडलं, आतलं तापमान ५८ डिग्रीच्या वर गेलं नाही, नेहमीच्या मिक्सला एवढ्या जाडीत ७० च्या आत ठेवायला नाकी नऊ येतात.

मग आम्ही तेच मिक्स पहिल्या मजल्याच्या स्लॅबला वापरलं आणि तिथे चुकलं.

सात दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) फोडायला मी स्वतः लॅबमध्ये गेले होते. ४० एमपीएचं (एमपीए हे ताकदीचं माप) काँक्रीट, सात दिवसांत २६ च्या आसपास यायला हवं होतं. पहिला क्यूब १७ ला फुटला, दुसरा १८, तिसरा १६.५. फुटलेल्या तुकड्याची कड बोटाने घासली तर वाळू सुटत होती. रात्री थंडी होती आणि स्लॅगचं काँक्रीट थंडीत फार हळू धरतं, पातळ स्लॅबला स्वतःची ऊबही राहत नाही. म्हणजे मिक्स खराब नव्हतं, आमची घाई खराब होती. ५६ दिवसांना ताकद भरून आली, ४७ एमपीए, पण तोपर्यंत शटरिंग अडकून पडलं, वरच्या मजल्याचं काम थांबलं, १६ दिवस गेले.

आता असं करतोय: पाया आणि राफ्टला ५० टक्के स्लॅग आणि स्वीकारायची तारीख २८ ऐवजी ५६ दिवस, हे टेंडरमध्येच लिहायचं. स्लॅबला ३० टक्के. आणि स्लॅबमध्ये तापमानाचे सेन्सर गाडायचे म्हणजे शटरिंग कधी काढायचं ते कॅलेंडर बघून नाही तर काँक्रीट बघून ठरतं. सेन्सरचा खर्च एका दिवसाच्या शटरिंग भाड्याहून कमी आला.

एकूण कार्बन ३० टक्क्यांऐवजी २६ टक्के कमी होईल असं दिसतंय. तसंच कळवलं वर.

दिवस ९६

ट्रान्सफॉर्मर आणि मेन पॅनल. ऑर्डर दिवस ५ ला दिली होती, इमारतीचं ड्रॉइंग पूर्ण व्हायच्या आधी, आणि तरीही शेड्यूलमध्ये सगळ्यात लांबची तारीख यांचीच आहे. जे कोणी सुरू करताय त्यांनी जमीन ताब्यात यायच्या आधी ट्रान्सफॉर्मरच्या रांगेत नंबर लावा.

अमॉर्फस कोअरचे घेतले कारण नुसता चालू असताना होणारा लॉस कमी. डेटा सेंटरचा ट्रान्सफॉर्मर कधी बंदच होत नाही, त्यामुळे एक किलोवॅट वाचला की वर्षाला ८,७६० युनिट वाचतात, असे २४ नग. पण हे ट्रान्सफॉर्मर आकाराने मोठे आणि जड असतात, आणि खोलीचं दार आम्ही साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ड्रॉइंगवरून ठेवलं होतं. ११ सेंटिमीटर कमी पडलं. नशिबाने भिंत अजून ब्लॉकवर्कच्या चौथ्या थरातच होती, तशीच थांबवली, ट्रान्सफॉर्मर आत गेल्यावर बांधणार. नुकसान २ दिवस, पण प्लास्टर झालं असतं तर पंधरा.

पॅनल एसएफ६ गॅस (ठिणगी विझवायला आत भरतात तो) नसलेले घेतले, कोरडी हवा आणि व्हॅक्यूमवाले. एसएफ६ चा एक किलो गळाला तर साडेतेवीस हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका फटका, त्यामुळे यावर वाद झालाच नाही. जागा थोडी जास्त लागते एवढंच.

दिवस १४०

आजची नोंद मोठी आहे, कारण चूक माझी आहे.

३३ केव्हीच्या केबल जमिनीत पुरून सबस्टेशनपासून इमारतीपर्यंत येतात, ३४० मीटर. दोन फीडर, एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार घ्यायचा, म्हणजे साधारण २७५ अँपिअर. केबल ३२० ची धरली होती. चर खोदून केबल टाकून भराव अर्धा झाला होता, तेवढ्यात दुसऱ्या एका साइटवर काम केलेला केबल इंजिनिअर भेटायला आला आणि त्याने विचारलं, माती वाळल्यावरचा आकडा किती? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रोब मागवून मोजलं. ओल्या मातीचा ०.९, छान. तोच नमुना वाळवून मोजला तर २.६.

आता यात मेख अशी आहे की घरांना किंवा कारखान्याला जाणाऱ्या केबलवर भार चढतो उतरतो, रात्री केबल थंड होते, मातीत ओल परत येते. डेटा सेंटरचा भार सरळ रेषेत असतो, सकाळ नाही संध्याकाळ नाही. केबल तापते, आजूबाजूची माती वाळते, वाळली की उष्णता कमी वाहून नेते, मग केबल आणखी तापते, माती आणखी वाळते. म्हणजे आमच्यासाठी ओल्या मातीचा आकडा कामाचाच नाही, वाळलेलाच धरायला हवा होता. तो धरला की केबलची जवळपास पाव ताकद गेली, ३२० ची २४० वर आली. आणि गरज २७५ ची.

केबल बदलायची म्हणजे चार महिने. म्हणून चर परत उघडला, हाताने, कारण जेसीबी लावला असता तर केबललाच दात लागले असते. केबलमधलं अंतर वाढवलं आणि भोवती बारीक खडी, वाळू आणि अगदी थोडं सिमेंट असं पातळ मिश्रण ओतलं जे वाळलं तरी उष्णता वाहून नेतं. हे मिश्रणसुद्धा वाळवून मोजलं, ०.८ आलं, तेव्हाच ओतायला दिलं. नवीन हिशोबात ३०५ अँपिअर बसतात. केबलच्या कामाचा खर्च १८ टक्क्यांनी वाढला आणि २३ दिवस गेले.

मातीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवून मागितली असती तर यातलं काही झालं नसतं. ती सही अजून फाइलमध्ये आहे.

दिवस १८८

पाणी. यावर भांडण सगळ्यात जास्त झालं आणि व्हायलाच हवं होतं.

पाणी उडवून उष्णता घालवायची तर एक युनिट उष्णतेला साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं, यात कोणाची हुशारी चालत नाही, तो पाण्याचा गुणधर्म आहे. आमची एक इमारत पूर्ण भरली की १४ मेगावॅट उष्णता, म्हणजे दिवसाला ५ लाख लिटर फक्त वाफ. वर कूलिंग टॉवरमध्ये क्षार साठू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळं. क्षार तिप्पट होईपर्यंत फिरवलं तर एकूण साडेसात लाख लिटर, पाचपट होईपर्यंत फिरवलं तर सव्वासहा लाख. चार इमारती धरल्या की २५ लाख लिटर रोज. हे पिण्याच्या पाण्यातून घ्यायचं नाही हे पक्कं होतं म्हणून प्रक्रिया केलेलं सांडपाणी घ्यायचं ठरलं.

चूक नमुन्याची झाली. आम्ही एकदा, सकाळी अकराला, एक बाटली भरून तपासायला दिली. अमोनिया ३ मिलिग्रॅम, उत्तम. त्या आकड्यावर क्लोरीनची यंत्रणा आणि चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या मशीनचे) तांब्याच्या ट्यूबवाले कंडेन्सर ठरले. ट्रायलला पाणी सुरू केलं आणि तिसऱ्या आठवड्यात एक पितळी व्हॉल्व्ह हातात आला, म्हणजे अक्षरशः, फिटर काका बंद करायला गेले आणि दांडा मानेतून तुटून त्यांच्या मुठीत. तुटलेल्या जागी केसाएवढ्या भेगांचं जाळं, आत पुरतं काळं पडलेलं. काका म्हणाले, "ताई, हा गंजलेला नाय, हा आतून तडकलाय. पाण्यात काहीतरी आहे."

मग दर दोन तासांनी, आठ दिवस नमुने घेतले. अमोनिया ३ पासून २२ पर्यंत जातो, मध्यरात्रीनंतर सगळ्यात जास्त. अमोनिया तांब्या-पितळेला खातो, ताण असेल तिथे तडे पाडतो, आणि वर क्लोरीनही गिळतो, एका किलो अमोनियाला आठ ते दहा किलो क्लोरीन जातं तेव्हा कुठे जंतू मारायला काही उरतं. म्हणजे रात्री आमच्या टॉवरमध्ये जंतूंना मोकळं रान होतं. टॉवरच्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू वाढतो, तिथे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे, त्यामुळे ट्रायल त्याच दिवशी बंद केली.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंची टाकी आधी बसवली, आता पुढे येणारं पाणी १ च्या खाली असतं. टॉवरचं पाणी चिलरपर्यंत न नेता मध्ये स्टेनलेस ३१६ चा प्लेट हीट एक्स्चेंजर टाकला. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे पूर्ण टॉवरऐवजी हायब्रिड कूलर, बाहेर २४ डिग्रीच्या खाली असेल तेव्हा नुसत्या हवेवर चालतात, वर गेलं की पाणी सुरू होतं. त्यामुळे वर्षाचं पाणी निम्म्याहून खाली आलं, पण पंख्यांची वीज वाढली, मॉडेलमध्ये पीयूई ०.०३ ने वर गेला.

हा ०.०३ कमी करायला परत पूर्ण टॉवर घ्या असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं. पीयूईमध्ये पाण्याचा थेंबही दिसत नाही, म्हणून पीयूई सुंदर दाखवायला पाणी उधळणं सगळ्यात सोपं आहे. आम्ही आता दोन्ही आकडे एकाच पानावर देतो, युनिटमागे लिटर आणि पीयूई, वेगळे द्यायचेच नाहीत.

३८ दिवस गेले.

दिवस २३१

आवाज. कुंपणापलीकडे वस्ती आहे आणि रात्री एकसुरी घूं ऐकू येते. पंखे वाढवले आणि वेग ८० टक्क्यांवर आणला. एका पंख्याला वीज निम्मी लागते कारण ती वेगाच्या घनाने बदलते, त्याचा आवाज जवळपास ५ डेसिबलने खाली. पंख्यांचा वाढीव खर्च विजेतच भरून निघेल. हे आधीच करायला हवं होतं.

दिवस २७५

१९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये तापमान ४० च्या वर गेलं तेव्हा तिथल्या मोठ्या क्लाउडच्या डेटा सेंटरमधलं कूलिंग कोलमडलं होतं. ते लक्षात ठेवून आम्ही बाहेरच्या तापमानाची मर्यादा मागच्या ३० वर्षांच्या कमालपेक्षा ३ डिग्री वर ठेवली होती, त्यामुळे निर्धास्त होतो. आज छतावर दुपारी थर्मामीटर घेऊन फिरले. हवामान केंद्रापेक्षा कूलरच्या तोंडाशी ४.५ डिग्री जास्त! कूलरची गरम हवा वर जाऊन वाऱ्याने वळते आणि शेजारच्या कूलरमध्ये शिरते. आमची तीन डिग्री तिथेच संपली. पंख्यांवर दीड मीटरची धुराडी चढवली आणि दोन रांगांच्या मध्ये पत्र्याचा पडदा. परत मोजलं, दीड डिग्री फरक राहिला. ९ दिवस.

दिवस ३१२

थेट चिपपर्यंत नेणाऱ्या लिक्विड कूलिंगचं पाइपिंग. एका रॅकला १०० किलोवॅटच्या वर भार आहे, तिथे हवेचं काम नाही. यातली सगळ्यात चांगली गोष्ट अशी की ३२ डिग्रीचं पाणी चालतं, त्यामुळे वर्षातला बहुतेक काळ चिलर लागतच नाही.

फ्लशिंगला शेड्यूलमध्ये ६ दिवस होते. २९ लागले.

कोल्ड प्लेटच्या (चिपवर बसणारी धातूची पट्टी, जिच्यातून द्रव फिरतो) आतल्या फटी केसाएवढ्या असतात, म्हणून लूपला २५ मायक्रॉनचा फिल्टर. पहिल्या दिवशी पाणी फिरवलं, चाळीस मिनिटांत प्रेशर पडलं. स्ट्रेनरची जाळी काढली तर तळाशी दोन बोटं जाड काळा गाळ, त्यात वेल्डिंगचे गोल मणी, गंजाच्या सुईसारख्या चिप्या, आणि निळ्या चिकटपट्टीचा तळहाताएवढा तुकडा. धुतली, लावली, परत चाळीस मिनिटं. असं दिवसाला आठ वेळा.

कारणं शोधली ती अशी. पाइप साइटवर दोन महिने पडून होते आणि निम्म्यांची तोंडं उघडी. वेल्डिंग करताना आतून आर्गॉन सोडला नव्हता त्यामुळे आत पापुद्रे. आणि पाच ठिकाणी फाटे साध्या लोखंडाचे, बाकी लाइन स्टेनलेस, कोणीतरी स्टॉकमधले वापरले आणि आमच्या तपासणीत सुटले. ते पाचही कापून बदलले. फ्लशिंग आम्ही कूलंट युनिटच्याच पंपांवर करत होतो तीही चूक, एका पंपाचं सील गेलं. बाहेरून मोठा पंप भाड्याने आणला, पाण्याचा वेग दीड मीटर प्रतिसेकंदाच्या वर ठेवला (कमी वेगात गाळ हलतच नाही, जागेवर बसून राहतो) आणि रॅकच्या जागी होज लावून वळसा दिला.

स्वच्छ झालं एकदाचं, मग २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल भरलं आणि सगळे खूश. बारा दिवसांनी फिल्टरवर बुळबुळीत थर. रिफ्रॅक्टोमीटरने बघितलं तर ग्लायकॉल १७ टक्के. फ्लशिंगचं पाणी खालच्या वळणांमध्ये राहिलं होतं, त्याने सगळं पातळ केलं, आणि २० च्या खाली ग्लायकॉल जंतूंना मारत नाही, उलट ते त्यांचं खाद्य होतं. सगळं काढून, जंतुनाशक फिरवून, प्रत्येक खालच्या वळणाला ड्रेन व्हॉल्व्ह बसवून परत भरलं. आता दर सोमवारी टक्केवारी बघतो.

पुढच्या इमारतीला पाइप कारखान्यातच जोडून, धुऊन, दोन्ही तोंडं सील करून मागवणार. भाव ७ टक्क्यांनी जास्त सांगितलाय, लगेच हो म्हटलं.

दिवस ३६८

जनरेटर. २ मेगावॅटचा एक सेट पूर्ण भाराला तासाला ५०० लिटरच्या आसपास इंधन पितो, ४८ तासांचा साठा म्हणजे सेटमागे २४,००० लिटर. साध्या डिझेलऐवजी एचव्हीओ, म्हणजे वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं, ईएन १५९४० वालं. इंजिनवाल्यांची लेखी परवानगी आधी घेतली. त्याने काहीच त्रास दिला नाही.

त्रास भलत्याच ठिकाणी. लोड बँकवर (चाचणीसाठी खोटा भार देणारं मशीन) सगळे सेट पास. खरी यूपीएस जोडली आणि भार कमी असताना सेट ट्रिप. यूपीएसच्या इनपुट फिल्टरमधले कपॅसिटर कमी भारावर पॉवर फॅक्टर लीडिंगला नेतात (म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो), जनरेटरला ते झेपत नाही, व्होल्टेज चढतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. लोड बँक नुसती रेझिस्टिव्ह होती, तिला हे दिसणारच नव्हतं. यूपीएसच्या सेटिंगमध्ये कमी भारावर फिल्टर बाजूला होईल असं केलं. ४ दिवस.

दिवस ४१०

शेवटची एकत्रित चाचणी. बाहेरची वीज तोडायची आणि बघायचं.

दहा वाजून दोन मिनिटांनी ब्रेकर उघडला. अकरा सेकंदांत जनरेटर उभे, यूपीएसने भार धरला, दिवेसुद्धा लुकलुकले नाहीत. मी कूलंटच्या स्क्रीनसमोर उभी होते. ३२, ३३, ३५. बाहेरच्या लूपचे पंप सुरू व्हायला हवे होते, होत नव्हते. ३९. एका मेगावॅटच्या रांगेत १,८०० लिटर द्रव फिरतं, उष्णता बाहेर जात नसेल तर दर आठ सेकंदांना एक डिग्री. दीड मिनिटात ४५ आणि सगळ्या रांगा एकामागून एक ट्रिप. पंप चार मिनिटं दहा सेकंदांनी आले.

कारण पंपांच्या कंट्रोल पॅनलला २४ व्होल्ट देणारी एक छोटी पॉवर सप्लाय, मुठीएवढी. ती यूपीएसवर नव्हती. वीज गेली, कंट्रोलर बंद, वीज आली, तो सावकाश बूट झाला आणि मग पंपांना हुकूम सुटला. ड्रॉइंगवर ती सप्लाय "लायटिंग" सर्किटला होती, सात जणांनी ते ड्रॉइंग तपासलं होतं, त्यात मी एक.

आता कंट्रोलरना दोन बाजूंनी सप्लाय आणि बॅटरी, बाहेरच्या लूपचे पंपही यूपीएसवर. दुसरी गोष्ट थंड पाण्याच्या टाकीची. उन्हाळ्यात चिलर लागले तर त्यांना परत उठायला पाच मिनिटं हवीत. १२ मेगावॅट, पाच मिनिटं, १० डिग्रीचा फरक, म्हणजे ८६ घनमीटर पाणी. खर्च कमी करताना टाकी ४० ची केली होती आणि मीही मान डोलावली होती. ४० मध्ये सव्वादोन मिनिटं मिळतात. शेजारी ५० ची दुसरी टाकी बसवली.

तीन आठवड्यांनी परत चाचणी घेतली, एकदा नाही तर पाच वेळा, वेगवेगळ्या भारावर. सगळ्यात वरचा आकडा ३४. जीव भांड्यात पडला.

दिवस ४४४

उष्णतेचा पुनर्वापर. फिनलंड, स्वीडन, डेन्मार्कमध्ये डेटा सेंटरची उष्णता घरं गरम करायला जाते, पण तिथे शहराखालून गरम पाण्याचं जाळं आधीच आहे. आमच्याकडे ४२ डिग्रीचं पाणी तयार आहे, घेणारा अजून नाही. जोडणीची जागा, व्हॉल्व्ह आणि हीट पंपाला खोली ठेवली आहे. अहवालात हा फायदा धरलेला नाही, पाणी खरंच कोणाकडे जाईल तेव्हाच धरणार.

दिवस ५०२

पहिले सर्व्हर येऊन महिना झाला. भार १६ टक्के. स्क्रीनवर पीयूई १.२१ आणि अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले.

मला पटेना. एवढ्या कमी भारावर यूपीएस, ट्रान्सफॉर्मर, पंखे सगळे आपला ठरलेला हप्ता खातातच, आकडा असा येऊच शकत नाही. मेन मीटरच्या सीटीचा (मीटरसाठी मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर) रेशो पाहिला. बसवलेला सीटी ४०० चा, मीटरमध्ये भरलेला ३००. म्हणजे पाऊण वीजच मोजली जात होती. दुरुस्त केल्यावर खरा आकडा १.६१. त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवलं.

मग खरं काम सुरू झालं. रिकाम्या रॅकच्या फटींना पट्ट्या लावल्या, १,४०० पट्ट्या, दोन मुलांनी तीन दिवसांत. यूपीएसचे अर्धे मॉड्यूल झोपवले. हवेवर चालणाऱ्या हॉलचं तापमान २० वर होतं, ते दर तीन दिवसांना एक डिग्री असं २५ पर्यंत नेलं. सर्व्हरसाठी ॲशरे या वातानुकूलनाच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ ची आहे त्यामुळे त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, तरी २३ ला एका कोपऱ्यात गरम डाग सापडला, फरशीची एक जाळीची टाइल चुकीच्या रांगेत होती. दोन एअर युनिट एकमेकांशी भांडताना सापडली, एक हवा कोरडी करत होतं, शेजारचं ओलावा सोडत होतं, ओलाव्याच्या सेन्सरमध्ये ९ टक्के फरक. सगळे सेन्सर एकदा एका खोलीत शेजारी शेजारी ठेवून जुळवून घेतले.

दिवस ५९०

भार ३४ टक्के, पीयूई १.३८. पाणी युनिटमागे ०.६ लिटर, सगळं प्रक्रिया केलेलं. १.२५ ला अजून वेळ आहे, भार ६० च्या वर गेल्याशिवाय येणार नाही असं हिशोब सांगतो.

दिवस ६०३

दुसऱ्या इमारतीचा केबलचा चर आज आखला. खोदायच्या आधी तीन ठिकाणी प्रोब घातली, नमुने दोन आठवडे आधीच भट्टीत वाळवायला दिले होते. निकाल २.४, २.५ आणि ओढ्याकडच्या बाजूला २.९. ओढ्याकडच्या ६० मीटरमध्ये केबलमधलं अंतर आणखी २० सेंटिमीटरने वाढवून ड्रॉइंग परत पाठवलं. उद्या भरावाच्या मिश्रणाचा पहिला घाणा करून बघणार, आणि तोही वाळवून मोजल्याशिवाय चरात जाणार नाही.